मधला तुकडा

एकदा एका उघड्या माळावर देवळाचे काम चालले होते. कामाचे प्रमुख एक वृद्ध पाथरवट होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली बरीच माणसे होती, आणि त्यांत त्यांचा एक शिष्य होता. वयाने तिशीच्या पुढचा, हाताने सफाईदार आणि बुद्धीने जरा अधिकच तल्लख. अधिकच म्हणतो, कारण तल्लख माणसाला दोन गोष्टी दिसल्या की तिसरी तो स्वतः रचतो आणि तीही दिसली असे समजतो. या शिष्याच्या जोडीदाराचे नाव निंबाजी. या गोष्टीत बाकी कोणाला नाव नाही, आणि निंबाजीला आहे, याचे कारण एवढेच की संशय घ्यायला माणसाला एक नाव लागते.

पाथरवटांत जोडीदार ही साधी बाब नव्हे. जड शिळा हलवायची असली की ती दोरांच्या फासात धरून आडव्या वाशांना टांगतात, आणि प्रत्येक वाशाच्या दोन टोकांखाली दोघे खांदा देतात. तुमच्या टोकाकडची गाठ सुटली, तर शिळेची कड तुमच्याच पायावर येते. आबांच्या हाताखालचा दंडक असा होता, की आपल्या टोकाकडची गाठ आपण मारायची नाही. ती जोडीदाराने मारायची. त्याने मारल्यावर ती ओढून बघायचीही नाही. नवा माणूस याला हमखास हरकत घेई. तेव्हा आबा म्हणत, "आपली गाठ माणूस भिऊन मारतो. दुसऱ्याची मारताना तो शुद्धीवर असतो."

दुसरा दंडक फुटलेल्या दगडाचा. घडवताना दगड फुटला, तर त्याचे सगळे तुकडे वेचून आणायचे, जुळवून मांडायचे आणि शेवटचा घाव कोणाचा होता हे ठरवायचे. शिक्षेसाठी नव्हे, तर भेग कुठून कशी गेली हे त्या हाताला कळावे म्हणून. तोवर नव्या दगडाला छिन्नी लावायची नाही. दंडक उत्तमच. पण जन्मभर असे करत आल्याने त्या माणसांची एक समजूत घट्ट झाली होती. दगड फुटला म्हणजे कोणाचा तरी हात लागला, याखेरीज दुसरे काही त्यांच्या डोक्यात येतच नसे.

चैत्रातल्या एका उतरत्या दुपारी आकाशातून जळता गोळा आला. ऊन असूनही डोळे दिपले. माळाच्या डोक्यावरून पुढे जाता जाता तो एकाएकी पसरला, विस्तवावर फुंकर पडावी तसा ठिणग्यांनी भरला आणि विझला. माणसे वर बघत राहिली. काही झाले नाही असे वाटते आहे, तोच आवाज आला. तो असा की रचून ठेवलेले चिरे एकमेकांवर खडखडले आणि बैलांनी दावी तोडली. मग माळावर आणि ओढ्याच्या अंगाला दगड पडल्याचे धप् धप् ऐकू येत राहिले.

भीती ओसरल्यावर सगळ्यांनी माळ पिंजून काढला आणि काळेभोर तुकडे गोळा केले. निंबाजी त्या वेळी ओढ्यावर पाणी आणायला गेला होता. तो परतला तेव्हा भाकरी टाकून झाल्या होत्या. त्याच्या धोतराच्या सोग्यात दोन तुकडे होते.

"एवढा उशीर?" कोणीतरी विचारले.

"झाला खरा," निंबाजी म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दंडकाप्रमाणे चिंचेखाली तुकडे जुळवायला घेतले. हे काम शिष्याच्या हातचे. कडेला कड लावत, तोंड तोंडाशी भिडवत त्याने मोठ्या घंगाळाएवढा गोळा उभा केला. बाहेरून जवळजवळ सगळा जमला. मध्ये मात्र एक पोकळी राहिली, आत नारळ मावेल एवढी. पुन्हा माळ धुंडाळला. बाभळींच्या मुळांशी, ओढ्याच्या वाळूत, सगळीकडे पाहिले. मधला तुकडा मिळाला नाही.

हे इथेच थांबले असते. पण त्याच दिवशी छिन्न्यांसाठी लोखंड घेऊन येणारा व्यापारी आला. त्याने गोळ्याभोवती एक फेरी मारली, पोकळीत हात घालून पाहिला आणि हळूच हसला.

"आभाळातल्या दगडाची किंमत गाभ्यात असते बरं का," तो म्हणाला. "बाकी सगळं टरफल. गाभा नेमका गेलेला दिसतोय. तुमच्यात कोणीतरी जाणकार आहे म्हणायचं!"

एवढे बोलून त्याने लोखंड उतरवले आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. अशी माणसे राहत नाहीत. त्यांची वाक्ये राहतात.

शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. ओढ्यावर एकटा कोण होता? निंबाजी. उशिरा कोण आला? निंबाजी. उशिराचे कारण कोणी सांगितले नाही? निंबाजीनेच. त्या रात्री निंबाजी कमी जेवला, तेव्हा शिष्याला वाटले, याचे मन खाते आहे. दुसऱ्या दिवशी तो पोटभर जेवला, तेव्हा वाटले, हा आता निर्धास्त झाला. निंबाजी गप्प बसला तर तो लपवतो आहे, आणि हसून बोलला तर तो सारवासारव करतो आहे. वाचकहो, संशयाला पुरावा लागत नाही असे म्हणतात ते मला पटत नाही. त्याला पुरावा फार लागतो, आणि तो जे मिळेल ते पुरावा म्हणून खातो.

शिष्य हे एकदोघांपाशी बोलला, आणि बोलता बोलता ती कुजबुज साऱ्या तळावर पोहोचली. पाणी इथेच कुठेतरी मुरते आहे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. निंबाजी जवळ आला की बोलणे थांबे. जो तो आपापले गाठोडे उशाला घेऊन झोपू लागला. गंमत अशी, की ज्याच्या गाठोड्यात फाटक्या बंडीखेरीज काही नव्हते तोही.

एका सकाळी निंबाजी आंघोळीला गेलेला पाहून शिष्याने त्याचे गाठोडे सोडले. आत एक कांबळे, दोन जुन्या छिन्न्या आणि फडक्यात गुंडाळलेले एक इवलेसे दगडी जाते होते. निंबाजी गावाकडे असलेल्या आपल्या लेकीसाठी भातुकलीचे जाते घडवत होता. मुठीत मावेल असे ते होते, पण त्याच्या दोन्ही दगडांची दळणारी बाजू खऱ्या जात्यासारखी टाकी लावून खरखरीत केलेली होती. शिष्याला क्षणभर स्वतःची लाज वाटली. त्याने घाईघाईने सगळे पुन्हा बांधून ठेवले. पण उठता उठता त्याच्या मनात आले, गाठोड्यात नाही म्हणजे याने दुसरीकडे पुरला असणार. लाज तिथेच विरली.

पुढे गणेशपट्टी चढवण्याचा दिवस आला. गणेशपट्टी म्हणजे गाभाऱ्याच्या दारावर बसणारी आडवी शिळा, मधोमध गणपती कोरलेली. ती बसली की देवळाला दार झाले. त्या दिवशी पहाटे आबांनी शिष्याला बोलावले आणि राख-माती कालवून दोन गोळे करायला सांगितले. "एक निबर, सगळीकडून लिंपलेला. दुसऱ्याच्या आत भुसा भर, आन् वाळता वाळता त्याला एक भेग जाऊ दे," ते म्हणाले. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही. आबांना आता म्हातारचळ लागला, असे वाटून शिष्याने गोळे केले आणि छिन्न्यांना धार लावायच्या भट्टीच्या कडेला वाळत ठेवले.

सूर्य वर आला. शिळेला फास पडले, वासे लागले. निंबाजीने शिष्याच्या टोकाकडची गाठ मारली, नेहमीसारखीच, दोन वेढे घेऊन, आणि खांद्यावरची कांबळ्याची घडी नीट करायला तो पाठमोरा झाला. तेवढ्यात शिष्याने ती गाठ सोडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा मारली.

निंबाजी वळला होता. त्याने पाहिले.

खांद्यावरची घडी काढून त्याने खाली ठेवली, आबांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, मी निघतो."

"कुठं?"

"गावाकडं. माझी गाठ चालत न्हाई हितं."

सगळी माणसे वाशांखालून बाहेर आली. शिळा जमिनीवरच राहिली. निंबाजी गेला तर त्याच्या माथी चोरीचा डाग जन्मभर राहणार होता, आणि पाथरवटांत असा डाग बापाकडून लेकराकडे जातो. हे शिष्यालाही कळत होते. तरीही त्याच्या मनात आले ते एवढेच, की हा पळतो आहे त्या अर्थी तुकडा याच्याकडेच आहे.

"जा," आबा म्हणाले. "पर ऊन खाली होऊ दे. तवर माझ्यापाशी बस."

मग ते उठून चिंचेखाली गेले आणि घण उचलून, सगळे बघत असताना, त्यांनी जुळवलेल्या गोळ्यातला एक मोठा तुकडा काढून त्याचे एका घावात दोन भाग केले.

माणसे चरकली. फुटलेले तुकडे जुळवून ठेवायचा दंडक तो घालणाऱ्यानेच मोडला होता. मागून कोणीतरी पुटपुटले, "आबाच आता पुरावा मोडाय लागलं." संशय इथवर आला होता, त्याने आबांनाही सोडले नाही.

आबांना ते ऐकू आले असावे. ते म्हणाले, "या, जवळ या. ह्यो दगड आत्ता माझ्या हातानं फुटला. कसा दिसतोय?"

"राखाडी," शिष्य म्हणाला. "ताजा."

"आता त्या पोकळीच्या भिंतींना बोट लाव."

शिष्याने बोट फिरवले. पोकळीच्या सर्व बाजू काळ्या होत्या. बाहेरच्या कवचाइतक्या जाड नाही, पण पातळ, करपलेल्या.

"खाली आल्यावर कुणी छिन्नी लावून गाभा काढला असता, तर ह्या भिंती राखाडी असत्या," आबा म्हणाले. "ह्या करपल्यात. म्हंजे ही पोकळी दगड जळत असतानाच पडली, वर. तिथं निंबाजीचा हात पोचत न्हाई. माझाबी न्हाई."

दोघेतिघे माना हलवू लागले. पण शिष्य तल्लख होता, हे मी आधीच सांगितले आहे. तो म्हणाला, "आबा, तुकडा वर सुटला असंल, मान्य. पर सुटलेला तुकडा खाली पडणारच की. तो कुणी उचलला, ह्यो प्रश्न उरतोच."

"उरतो," आबा शांतपणे म्हणाले. "ते गोळे घेऊन ये."

भट्टीपाशी कातडी भाता होता. आबांनी निबर गोळा भात्याच्या नळीपुढे ठेवला आणि शिष्याला भाता दाबायला सांगितले. शिष्याने दाबला. गोळा जरासा घरंगळला आणि थांबला. मग आबांनी भेग पडलेला गोळा घेतला, नळीचे तोंड त्या भेगेत बसवून भोवती ओली माती लिंपली आणि म्हणाले, "आता दाब. जोरानं."

शिष्याने सर्व बळ लावले. एकदा काही झाले नाही. पुन्हा दाबला, तेव्हा आतून फट् असा आवाज झाला आणि गोळा चहूकडे उडाला. भुशाचा आणि राखेचा लोट माणसांच्या डोळ्यांत गेला.

"गोळा कर," आबा म्हणाले. "आन् दंडकापरमाणं जुळव."

शिष्याने तिथेच मांडी घालून खापऱ्या वेचल्या. कडेला कड लावली. बाहेरचे कवच बरेचसे जमले. मध्ये पोकळी राहिली.

आबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. "मधला तुकडा कुणी नेला?"

शिष्य खापऱ्या पुन्हा पुन्हा फिरवून पाहू लागला.

"बोल की. सगळे हितंच होते. झडती घेऊ का एकेकाची?"

"कुणीच न्हाई," शिष्य म्हणाला. "त्याचा भुगा झाला. वाऱ्यावर गेला."

तेव्हा आबा सर्वांना ऐकू जाईल असे बोलले. "आपण समजतो, दगड फुटाय घाव लागतो. वर घाव घालणारं कुणी न्हाई. तिथं नुसती हवा हाय, जी आपण नाकानं घेतो तीच. पर दगड येतो अशा वेगानं, की त्याच्या म्होरली हवा बाजूला व्हायला सवड मिळत न्हाई. ती दाबत जाते, दाबत जाते, भात्यातल्यावानी. मागल्या अंगाला मातुर कायच न्हाई, नुसती पोकळी. निबर दगड असला तर तो हे सोसून खाली येतो. पर ज्याला भेगा हायेत, बारीक छिद्रं हायेत, त्याच्यात ती दाबलेली हवा शिरते, आन् आतून रेटते. बाहेरून त्याला धरून ठेवणारं कुणी नसतं. मग तो फुटतो. शेंडीवाले तारे, म्हंजे धूमकेतू, तर ह्याहून भुसभुशीत म्हणत्यात, नुसती धूळ आन् बर्फ. त्यांचा एखादा गोळा आला तर खाली खडाबी पोचत नसंल."

ते थोडे थांबले. मग आवाज खाली आणून, आता फक्त शिष्याशी, म्हणाले, "आपला तळबी ह्याच हवेत होता. व्यापारी एक वाक्य बोलला. ते हवेवानीच होतं, धरायला गेलं तर हाताला काय लागलं नसतं. तुझ्यात भेग व्हती म्हणून ते आत शिरलं. आन् मग भाता कुणी दाबला?"

शिष्याने आपल्या हातांकडे पाहिले. तळव्यांना भात्याच्या कातड्याचा वास येत होता.

"तरीबी सांगतो," आबा उठता उठता म्हणाले, "माळावर एखादा खडा कुठं पडला नसंल, अशी शपथ मी घेणार न्हाई. मला वर जाऊन बघता येत न्हाई. तेवढ्या जागेत संशय ठेवायचा तर जन्मभर ठेवता येतो. तुझं तू ठरव."

आजचे अभ्यासकही उल्कांच्या फुटण्याबद्दल जवळपास हेच सांगतात: समोर कोंडलेली हवा, पाठीमागे पोकळी, आणि छिद्रांतून आत शिरलेला दाब. त्यांनी ते गणिताने मांडले आहे. आबांच्या गोष्टीत ते राखेच्या गोळ्यावर मांडले आहे, एवढाच फरक.

ऊन खाली झाले. निंबाजी गाठोडे बांधून माळाच्या कडेला उभा होता. शिष्य त्याच्याजवळ गेला. त्याने जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते विचारले.

"त्या दिवशी ओढ्यावर एवढा वेळ काय करत व्हतास?"

निंबाजीने मान फिरवली. "कपारीत बसलो व्हतो. आवाज झाला तसा शिरलो आत. पाय थरथराय लागले, बाहेर यवंना. समदे हाका मारत माळावर फिरत व्हते, ते ऐकू येत व्हतं. तरी बाहेर यवंना." तो कोरडे हसला. "आता काय म्हणतोस? भित्रा म्हण. चोर म्हणण्यापरीस बरं."

"मग तसं सांगायचं न्हाई का मला?"

"तू इचारलंस कुठं? तू गाठोडं सोडलंस."

शिष्य दचकला. "तुला कसं कळलं?"

"जात्याचा वरचा दगड उलटा ठेवला व्हतास. टाकी लावलेली बाजू वर." निंबाजी म्हणाला. "पाथरवट हायेस ना तू?"

शिष्याला रडू आले. मोठ्या माणसाला चारचौघांत यावे तसे, अडखळत आणि नको असताना. त्याने क्षमा मागितली की नाही हे त्यालाही नंतर आठवले नाही. निंबाजीने गाठोडे खाली ठेवले. मग म्हणाला, "पट्टी चढवतो, आन् जातो. दार अर्धं टाकून जायचं बरं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वासे लागले. निंबाजीने शिष्याच्या टोकाकडची गाठ मारली, दोन वेढे घेऊन. शिष्य समोरच्या चिंचेकडे बघत उभा राहिला. गाठीकडे त्याने मुळीच पाहिले नाही. मग त्याने निंबाजीच्या टोकाकडची गाठ मारली. गाठ नीट बसली.

निंबाजी खाली वाकला. त्याने बोट घालून ती गाठ एकदा ओढून पाहिली. हे दंडकाच्या विरुद्ध होते आणि सगळ्यांच्या देखत होते. सगळे आबांकडे पाहू लागले. आबांनी तोंड फिरवून घेतले. शिष्याने खाली मान घातली आणि वाट पाहिली. हे आपल्या वाट्याचे आहे, हे त्याला समजले होते.

निंबाजीने बोट काढले आणि खांदा दिला. आबांनी हाळी घातली, आणि शिळा जमिनीवरून उठली.

निंबाजी पुढे त्या कामावर राहिला की गेला, हे मला गोष्ट सांगणाऱ्याने सांगितले नाही, आणि मीही खोदून विचारले नाही. आपल्याला कोणाचा उशीर खटकला, तर आधी त्यालाच विचारून पाहावे. गाठोडे काय, ते नंतरही सोडता येते.